तू देवाचा पुत्र आहेस तर

यार्देन नदीत बाप्तिस्मा घेऊन येशू वर आला तेव्हा आकाशातून वाणी झाली: ‘हा माझा पुत्र, मला परमप्रिय आहे, ह्याच्याविषयी मी संतुष्ट आहे.’ मत्तयाच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय इथे संपतो आणि चौथा उघडतो तो थेट रानात. चाळीस दिवस आणि चाळीस रात्री उपास झालेला, पोटात आग पडलेली, आणि समोर परीक्षक, म्हणजे सैतान, उभा. त्याचं पहिलंच वाक्य असं: ‘तू देवाचा पुत्र आहेस तर ह्या धोंड्यांच्या भाकरी व्हाव्यात अशी आज्ञा कर.’

उपासनेत हे दोन उतारे आपण निरनिराळ्या रविवारी ऐकतो. बाप्तिस्म्याचा बहुधा जानेवारीत आणि परीक्षेचा लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या, पहिल्या रविवारी. मध्ये कितीतरी आठवडे जातात आणि दोन्हींचा सांधा दिसेनासा होतो. सलग वाचलं की ध्यानात येतं, परीक्षकाने पदरचं काहीच आणलेलं नाही. वरून जे ऐकू आलं तेच त्याने उचललं आणि त्याला अट घातली. पुत्र आहेस ना, मग करून दाखव. मोह माणसाच्या उणिवेतून आत शिरतो असं आपण धरून चालतो. इथे तो नुकत्याच मिळालेल्या मानातून शिरला.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लीनता हा एक विषय असतो आणि मोह हा दुसरा. लीनतेवरचा उपदेश म्हणजे गोड बोला, मोठ्यांचा मान राखा. मोहावरचा म्हणजे दारू, पैसा, परस्त्री. दोन्ही उपदेश लहानपणापासून ऐकत आलोय, आणि वय वाढतंय तसं मला पटत चाललंय की हा एकच विषय आहे. आपण काहीतरी आहोत हे सिद्ध करण्याची ओढ जितकी जास्त, तितका माणूस मोहाला सापडायला सोपा. ज्याला सिद्ध करायचं काही उरलेलं नाही, त्याला नक्की कशाने ओढायचं हे परीक्षकालाही कळत नाही.

यहूदियाचं ते रान आपल्याकडच्या झाडीच्या रानासारखं नाही. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर, आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही 250 मीटर खाली. दोन गावांत अंतर जेमतेम 25 किलोमीटरचं. एवढ्या टप्प्यात अख्खा मुलूख खाली उतरतो. उघडेबोडके चुनखडीचे कडे, कोरड्या घळी, सावली शोधावी तर दगडाची. यरीहोच्या माथ्यावरच्या डोंगराला परंपरेने परीक्षेचा डोंगर म्हणतात, आणि त्याच्या कड्याला बिलगून ग्रीक ऑर्थोडॉक्स संन्याशांचा मठ उभा आहे. अशा जागी धोंड्यांना तोटा नाही. भुकेल्या माणसाला नजर टाकावी तिथे तेच दिसणार.

भूक खरी होती हे मला महत्त्वाचं वाटतं. धोंड्याची भाकरी करून खाल्ली असती तर कुणाचं काय गेलं असतं? चोरी नाही, फसवणूक नाही, कुणाच्या ताटातलं ओढणं नाही. पुढे ह्याच येशूने 5 भाकरी आणि 2 मासे घेऊन 5000 पुरुषांना, शिवाय बायकामुलांना जेवू घातलं. तिथे समोर लोकांची भूक होती. रानात भूक त्याची एकट्याची होती आणि भाकरी पुरावा म्हणून मागितली जात होती. त्याने उत्तर दिलं: ‘मनुष्य केवळ भाकरीने नव्हे तर परमेश्वराच्या मुखातून निघणाऱ्या प्रत्येक वचनाने जगेल.’ समोरचा म्हणतोय देवाचा पुत्र, आणि हा उत्तरात स्वतःला मनुष्यांत मोजतोय. ह्या एका गोष्टीपाशी मी कितीदा थांबलो असेन. पुत्रत्व त्याने नाकारलं नाही, मिरवलंही नाही. भुकेल्या माणसांच्या रांगेत जाऊन तो उभा राहिला.

शिवाय हे शब्द त्याचे स्वतःचेही नाहीत. ते जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातले आहेत, आठव्या अध्यायातलं तिसरं वचन. पुढची दोन्ही उत्तरंही त्याच पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातून येतात. ज्याच्या शब्दाने पुढे वादळ थांबलं, त्याने परीक्षेच्या वेळी एकही उत्तर पदरचं दिलेलं नाही. आजी-आजोबांनी पाठ करून घ्यावं तसं जे त्याच्या लोकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं, तेच त्याने पुढे केलं. ह्याच्या अगोदरचं, म्हणजे दुसरं वचन उघडून पाहावं. मोशे इस्राएल लोकांना सांगतोय की तुझ्या देवाने तुला चाळीस वर्षं रानातून चालवलं ते कशासाठी, तर तुला लीन करावं आणि तुझी कसोटी पाहावी म्हणून. लीनता आणि कसोटी, एकाच वचनात, एकाच हेतूने. चाळीस वर्षं ते लोक कुरकुरले, मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, मांसाच्या हंड्या आठवून रडले. येशू त्यांच्याच जागी उभा राहिला आणि त्यांना न जमलेला धडा त्याने चाळीस दिवसांत म्हणून दाखवला.

दुसरी परीक्षा मंदिराच्या शिरोभागी होते, इथून खाली उडी टाक अशी, आणि आमच्यासारख्या रविवारच्या शाळेत वाढलेल्यांनी ती जरा जपून वाचावी. कारण आता परीक्षकही शास्त्रच बोलतो. 91 वं स्तोत्र त्याला तोंडपाठ आहे: देवदूत तुला हातांवर झेलून धरतील, तुझा पाय धोंड्याला लागू देणार नाहीत. मूळ स्तोत्रात ह्याच्या लगेच पुढे सिंहाला आणि सापाला पायाखाली तुडवण्याची गोष्ट येते. तिथवर तो जात नाही, आधीच थांबतो. सोनेरी वचनं पाठ असणं, पारितोषिकं मिळवणं, चर्चेत अध्याय आणि वचनाचा आकडा फेकणं, ह्यातलं काहीही आपोआप ढाल होत नाही. तिसऱ्या परीक्षेत जगातली सगळी राज्यं आणि त्यांचं वैभव दाखवलं जातं, माझ्या पाया पड म्हणजे हे सगळं तुझं. ती सगळ्यात मोठी असून सगळ्यात कमी फसवी आहे; तिथे निदान मागणी उघड आहे.

आणि हे प्रकरण रानात मिटत नाही. लूक आपल्या शुभवर्तमानात स्पष्ट लिहितो की सैतान त्याला काही काळापुरता सोडून गेला. मत्तयात तीच अट पुन्हा ऐकू येते ती वधस्तंभापाशी. येणारे-जाणारे डोकी हलवत म्हणतात, तू देवाचा पुत्र असशील तर खाली उतर. ह्या वेळी बोलणारी माणसंच आहेत. तो खाली उतरला नाही. आपल्या तारणाविषयी आम्ही जे काही मानतो ते सगळं त्याच्या न उतरण्यावर उभं आहे.

पहिल्या काही शतकांतले ख्रिस्ती लोक हे फार गंभीरपणे घेत. साधारण 270 साली मिसर देशातल्या अंतोनी नावाच्या तरुण शेतकऱ्याने चर्चमध्ये ‘तुझं असेल-नसेल ते विकून गोरगरिबांना दे’ हे येशूचं वचन ऐकलं आणि बापाकडून आलेली सुपीक जमीन देऊन टाकून तो हळूहळू वाळवंटाकडे सरकत गेला. त्याच्या मागे शेकडो, मग हजारो गेले. त्यांच्या गोष्टी लोकांनी जपून ठेवल्या आहेत. त्यातल्या एका गोष्टीत अंतोनीला सगळ्या पृथ्वीवर पसरलेली शत्रूची जाळी दिसतात. तो कण्हत विचारतो, ह्यातून कोण सुटणार? उत्तर येतं: लीनता. दुसऱ्या एका गोष्टीत सैतान मकार्य नावाच्या संन्याशाला वाटेत गाठतो आणि हताश होऊन म्हणतो, तू उपास करतोस, मी तर कधीच जेवत नाही. तू जागरणं करतोस, मला झोपच माहीत नाही. एकाच गोष्टीत तू मला हरवतोस, तुझ्या लीनतेत.

ही दुसरी गोष्ट नुसती ऐकायला छान म्हणून सोडून देण्यासारखी नाही. तिचा अर्थ असा की संयम सैतानालाही जमतो. उपास, जागरण, नियम, शिस्त, ह्या सगळ्यांत तो आपल्या पुढेच असेल. ज्या गोष्टींनी आपण आपली आध्यात्मिक प्रगती मोजतो त्या सगळ्या त्याच्यापाशी आहेत आणि तरी तो सैतानच आहे.

ह्या वाळवंटी लोकांत सगळ्यात बारीक नजरेचा माणूस मला इव्हाग्रियस वाटतो. कॉन्स्टँटिनोपलमधला नावाजलेला वक्ता. तिथे एका विवाहित स्त्रीच्या प्रेमात गुंतत चालल्यावर तो ते शहर सोडून निघाला आणि शेवटी मिसरच्या वाळवंटात येऊन राहिला. 399 साली तिथेच वारला. माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी त्याने केली: खादाडपणा, कामवासना, पैशाचा लोभ, खिन्नता, राग, कंटाळा, लौकिकाची हाव आणि गर्व. पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी तिचीच फेरमांडणी केली आणि त्यातून सात घातक पापांची यादी रूढ झाली. इव्हाग्रियसचं लौकिकाच्या हावेबद्दलचं निरीक्षण मला हलवून सोडतं. तो म्हणतो, ह्या विचारातून सुटणं कठीण, कारण सुटण्यासाठी जे काही करावं तेच त्याचं नवं खाद्य होतं. बाकीचे मोह हरले की दूर जातात. हा इतरांच्या पराभवावर पोसतो. आज राग आवरला, लगेच आत कुणीतरी टाळी वाजवतं. त्याचा शिष्य योहान कासियन ह्याला कांद्याची उपमा देतो: एक पापुद्रा काढावा तर खाली दुसरा तयार.

ही टाळी मी सगळ्यात जवळून ऐकली आहे ती आमच्या कापणीच्या सणाला.

नगरच्या भागातल्या (आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडी नगरच बसलंय) मंडळ्यांत हा सण फार प्रेमाने पाळतात. आदल्या रात्री तरुण संघाची पोरं वेदीपुढे उसाची कमान करतात, बाजरीची कणसं बांधतात. सकाळी प्रत्येक घरातून काहीतरी येतं. भोपळा, शेवग्याच्या शेंगा, कांद्याची माळ, पपई, पाय बांधलेला कोंबडा, स्टीलच्या डब्यात पुरणपोळ्या. उपासना आटोपली की अंगणात लिलाव सुरू. माइकवर गळा चांगला असलेला एक जण, शेजारी वही घेऊन खजिनदार. एक वार, दोन वार. दहा-वीस रुपयांचा भोपळा पाचशेवर जातो, कारण तो देवाला वाहिलेला आहे आणि पैसे मंडळीच्याच कामाला जाणार आहेत. त्यात आनंद आहे, आणि तो आनंद खरा आहे हे मला आधी सांगायचंय.

पण भोपळा हजारावर गेला की अंगणाची हवा बदलते. दोघेच उरतात. दोघेही भोपळ्याकडे पाहत नसतात, एकमेकांकडे पाहत असतात. माइकवाला नावं घ्यायला लागतो, अमक्या साहेबांचे बाराशे, आणि अमके साहेब काय म्हणतात? गर्दी वळून पाहते. त्या क्षणी त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी बघितलंय आणि ते मला परकं वाटत नाही. दान तेच, हेतू सुरुवातीला शुद्ध, पैसा चांगल्या कामाला. कुठल्याही आज्ञेचा भंग होत नाही. आणि तरीही मंदिराच्या शिरोभागावरून उडी मारायची ती हाक आता आमच्या अंगणात आलेली असते. सगळे बघताहेत, झेलतील.

एका वर्षी ह्याच गडबडीत एक म्हातारी बाई पुढे आली. तिने पदराची गाठ सोडून दोन अंडी काढली, टेबलाच्या कडेला ठेवली, घरंगळू नयेत म्हणून त्यांना भोपळ्याचा टेकू दिला आणि मागे जाऊन चटईवर बसली. बोली चालू होती. माइकवाल्याचं लक्ष गेलं नाही, खजिनदाराच्या वहीत नाव चढलं नाही. तिनेही आठवण करून दिली नाही. मार्काच्या शुभवर्तमानातली मंदिराच्या खजिन्यात दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणारी विधवा आम्हाला सगळ्यांना पाठ आहे, पण त्या गोष्टीत येशू खजिन्यासमोर बसून पाहत होता हे आपण विसरतो. श्रीमंत किती टाकतात तेही त्याने पाहिलं होतं. त्याच्या पाहण्यावर भिस्त ठेवली की बाकीच्यांनी पाहिलं की नाही हा प्रश्न सैल पडतो. त्या बाईच्या बाबतीत तो सैल पडलेला होता, असं तिच्या बसण्यावरून वाटलं.

आता एक गोष्ट बोलायलाच हवी, कारण ती न बोलता लीनतेवर लिहिणं आमच्या समाजात अप्रामाणिकपणाचं होईल. नगर जिल्ह्यातले बहुतेक ख्रिस्ती ज्या घरांतून आले त्या घरांना शेकडो वर्षं खाली वाकायला लावलं गेलं होतं. गावाबाहेर वस्ती, पाणवठा वेगळा, सावलीचाही विटाळ. त्या माणसांच्या नातवंडा-पणतवंडांना व्यासपीठावरून ‘लीन व्हा, लहान व्हा’ सांगताना सांगणाऱ्याने दोनदा विचार करावा. घरात मार खाणाऱ्या बाईला ‘सोसून घे, नम्र राहा’ असं सांगणारे उपदेश मी ऐकले आहेत. ते शुभवर्तमान नव्हे. येशूच्या आईच्या, मरियेच्या गीतात देव अधिपतींना आसनांवरून खाली ओढतो आणि दीनांना उंच करतो. ज्याला कधी उभंच राहू दिलं नाही, त्याला देव आधी उभं करतो. त्याने अजून वाकावं अशी मागणी करणारा आवाज देवाचा असू शकत नाही.

योहानाच्या तेराव्या अध्यायात पाय धुण्याचा प्रसंग येतो. योहान त्याची सुरुवात कशी करतो पाहा. आपल्या हाती पित्याने सर्व काही दिलं आहे, आपण देवाकडून आलो आणि देवाकडे जातो, हे जाणून येशू भोजनावरून उठला, बाह्यवस्त्रं काढली, कमरेला रुमाल बांधला आणि घंगाळात पाणी ओतलं. आधी जाणणं आणि मग वाकणं. आपण कोण आहोत ह्याची त्याला पुरती खात्री होती, म्हणून त्याला शिष्यांच्या टाचांवरची धूळ धुता आली. फिलिप्पैकरांच्या पत्रातही प्रेषित पौल हेच मांडतो: तो देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने स्वतःला रिक्त केलं. दुसऱ्याने त्याला रिक्त केलेलं नाही. हिसकावून घेतलेलं मोठेपण आणि आपणहून खाली ठेवलेलं मोठेपण ह्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

ह्याचं आपल्या मातीतलं उदाहरण म्हणून माझ्या डोळ्यांपुढे पंडिता रमाबाई येतात. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ह्या विशीतल्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. 1883 मध्ये त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तिथल्या धर्मगुरूंनी आणि मठातल्या भगिनींनी त्यांनी काय मानावं, कुणाला शिकवावं हे ठरवायला घेतलं, तेव्हा रमाबाईंनी पत्रांतून ठणकावून सांगितलं की एका पुरोहितवर्गाचं जू महत्प्रयासाने मानेवरून काढलंय, तसलंच दुसरं घालून घ्यायची माझी तयारी नाही. काहींना तो तेव्हा गर्व वाटला. पण हीच बाई केडगावला ‘मुक्ती’ ह्या आपल्या आश्रमात दुष्काळात उपाशी मरणाऱ्या मुलींना जवळ घेऊन राहिली. संस्कृतच्या त्या प्रकांड पंडितेने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून आख्खं पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणायला घेतलं, कमी शिकलेल्या बायकांना आणि गोरगरिबांना कळावं म्हणून. मुक्तीतल्याच बायका-मुलींनी ते छापलं. 1922 मध्ये रमाबाई गेल्या आणि 1924 मध्ये ते शास्त्र प्रसिद्ध झालं. माणसांपुढे ताठ आणि कामापुढे वाकलेली, अशी ही लीनता आहे. विद्वत्तेचा मोह त्यांना नसेल असं मी म्हणणार नाही. ती विद्वत्ता त्यांनी कुणाच्या पायाशी नेऊन ठेवली ते दिसतंय.

पाय धुण्याच्या त्या रात्री सगळ्यात जास्त अडून बसला होता येशूचा शिष्य शिमोन पेत्र. तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत, असं तो म्हणाला. वरवर ही नम्रताच. पण तो ऋणात राहायला तयार नव्हता. त्याच रात्री, थोड्या वेळाने, तो म्हणाला की सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही. गेथशेमाने बागेत येशूने त्याला आणि दोघांना जवळ घेतलं आणि सांगितलं, ‘तुम्ही परीक्षेत पडू नये म्हणून जागृत राहा व प्रार्थना करा.’ आणि स्वतः येशूने तिथे काय केलं? जमिनीवर पालथा पडून त्याने तीनदा तीच प्रार्थना केली, घाम गाळला, मित्रांना म्हणाला माझ्याबरोबर जागे राहा. देवाचा पुत्र सोबत मागत होता. पेत्राला मात्र कशाचीच गरज वाटली नाही, म्हणून तो निवांत झोपला. पहाटे कोंबडा आरवण्याआधी, मी येशूला ओळखत नाही, असा त्याने दिलेला नकार हा झोपेचाच पुढचा भाग होता. पेत्राला भित्रा म्हणून सोडून देणं मला पटत नाही. बागेत तलवार उपसणारा तोच होता. त्याला स्वतःची खात्री नडली.

म्हणून पेत्राच्या नावाचं पहिलं पत्र वाचताना पाचव्या अध्यायापाशी माझा आवाज दाटतो. तिथे तो लिहितो की सर्वांनी एकमेकांसाठी नम्रतेचा कमरबंद बांधा. कमरेला रुमाल बांधलेला येशू ज्याने बघितला आणि पाय मागे घेतले, तो हे लिहितोय. आणि तीनच वचनांनंतर: सावध असा, जागे राहा, तुमचा शत्रू सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा कोणाला गिळावं हे शोधत फिरतो. जो बागेत झोपला तो म्हणतोय जागे राहा. लीनता आणि परीक्षा त्याच्या लिहिण्यात अशी शेजारी-शेजारी आली, कारण त्याच्या आयुष्यात ती तशीच आली होती.

पौलानेही करिंथकरांना बजावलंय की आपण उभे आहोत असं ज्याला वाटतं त्याने पडू नये म्हणून जपावं. जपण्याचा एक अगदी साधा प्रकार म्हणजे तिथून निघून जाणं. योसेफ त्याला मोहात ओढणाऱ्या, मालकाच्या म्हणजे पोटीफरच्या बायकोशी वाद घालत बसला नाही, अंगावरचं वस्त्र तिच्या हातात टाकून पळाला. आजच्या भाषेत सांगायचं तर रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवणं, हिशेबाच्या चेकवर दुसऱ्याची सही बंधनकारक करून घेणं, ज्या मित्रांच्या बैठकीत हमखास पाय घसरतो तिथे न जाणं. ह्यात पराक्रम काहीच नाही. मी इतका भक्कम नाही, एवढं मान्य करणं आहे. ज्यांना ते मान्य होत नाही ते बैठकीला जातात आणि फक्त कोल्ड्रिंक घेईन म्हणतात.

प्रभूच्या प्रार्थनेत आपण काय मागतो हे रोजच्या सवयीने ऐकू येत नाही. आम्हांला परीक्षेत आणू नको. परीक्षा आण, मी जिंकून दाखवतो, असं मागायला येशूने शिकवलं नाही. आणि मागतोय ते ‘आम्हांला’. रानात तो एकटा होता, पण प्रार्थना शिकवताना त्याने आपल्याला एकेकटं ठेवलं नाही. वाळवंटातले ते संन्यासीसुद्धा मनात घोळणारे विचार एखाद्या वडीलधाऱ्यापाशी जाऊन जसेच्या तसे सांगत. झाकून ठेवलेला विचार बळावतो, असा त्यांचा अनुभव होता.

आमच्याकडे बुधवारी संध्याकाळी घरोघर प्रार्थनासभा असते. गाणी, एखादा अध्याय, मग साक्ष. साक्ष बहुतेक वेळा भूतकाळात असते: मी असा होतो, प्रभूने मला सोडवलं, हालेलुया. मागच्या पावसाळ्यात वर्कशॉपात काम करणारा एक भाऊ उठला आणि म्हणाला, ‘सलाम. माझी साक्ष नाहीये. मी तीन महिने सोडली होती, परवा परत घेतली. सातच्या सुमाराला पाय आपोआप वळतात. माझ्यासाठी प्रार्थना करा.’ आणि बसला. त्याची बायको शेजारी मान खाली घालून होती. कुणाला काय बोलावं सुचेना, कारण ह्याला हालेलुया म्हणता येत नव्हतं. आमच्या पाळकबाईंनी कुठलंही वचन काढलं नाही. त्यांनी विचारलं, ‘दादा, सातला तुम्ही कुठे असता?’ तो म्हणाला, वर्कशॉपातून निघतो, रस्त्यातच पडतं ते दुकान. मग बाईंनी आम्हाला विचारलं, कोणाला कोणत्या वारी जमेल.

तेव्हापासून सातच्या आधी कुणीतरी एक जण वर्कशॉपच्या फाटकाशी जाऊन त्याच्याबरोबर घरी चालत येतो. मध्ये तो दोनदा घसरला. दोन्ही वेळा त्याने स्वतःच फोन करून सांगितलं. माझ्याकडे गुरुवार आहे. घरी पोचलो की त्याची बायको चहा टाकते, आम्ही तिघं छोटी प्रार्थना करतो, आणि त्याचा मुलगा दहावीला आहे म्हणून मग मी त्याचं बीजगणित घेतो. पुढच्या महिन्यात मला दोन गुरुवार बाहेरगावी जायचंय, त्यासाठी बदली माणूस शोधतोय.